जुना वुड स्टोव्ह दुरुस्त करू की सरळ नवा घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडावर चालणारा जुना स्टोव्ह कुठे स्वस्तात दिसला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, सोबत फोटो, आणि फोटो कायम समोरूनच काढलेला. दार, काच, वरची नक्षी. मागची बाजू नाही, आतली नाही, पाइप जिथे बसतो ती कॉलर नाही. खाली एकच ओळ, "घेऊ का?" तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी काही सर्टिफाइड मेकॅनिक वगैरे नाही, दोन जुने स्टोव्ह स्वतः खोलून जोडलेत, एकात फसलो, एक जमला, तेवढ्या जोरावर बोलतोय.

एका वाक्यात सांगा ना, दुरुस्ती की नवा?

गंज असेल तर दुरुस्त करा, तडा असेल तर सोडून द्या, आणि मागे तपासणीची पाटी नसेल तर आधी घरातली जागा मोजा मग बोला. पण या वाक्यात धुराडं आलंच नाही आणि निम्मं घोडं तिथेच अडतं, त्यामुळे पुढचंही वाचा.

गंज इतका आहे की हात लावला तरी लाल होतो. संपला ना तो?

नाही हो. लोक गंजाला उगाच घाबरतात. बीड असो की जाड पोलादी प्लेट, वरवरचा गंज म्हणजे दोन सुट्ट्यांचं काम. वायर ब्रश, पॉलिश पेपर, कोपऱ्यात कानस, मग हाय टेम्परेचर पेंट किंवा काळं ग्राफाइटचं स्टोव्ह पॉलिश. बघायचं एवढंच की गंज वरवर आहे की आत खात गेलाय. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, पापुद्रे सुटले आणि खाली घट्ट धातू लागला तर ठीक, टोक आत रुतलं तर नमस्कार करून निघा. जास्त करून तळाशी आणि मागच्या कोपऱ्यात असं होतं कारण उन्हाळाभर राख तशीच राहते, ती हवेतली ओल ओढून धरते आणि खालून पत्रा खात बसते.

सुट्या पार्टांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून पण काढता येतो, मस्त निघतो, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. साधं लोखंड लावा, आणि हे उघड्यावर करा कारण हायड्रोजन सुटतो.

मग तडा कसा ओळखायचा? काळ्या रंगावर काहीच दिसत नाही.

इथेच मी फसलो होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला स्टोव्ह घेतला तो बिडाचा होता, नुकताच काळा कुळकुळीत रंगवलेला, विकणारा म्हणाला सर्व्हिस करून ठेवलाय. वरून कीर्तन आतून तमाशा. तिसऱ्यांदा पेटवला, रात्री लाइट गेले होते आणि अंधारात डाव्या बाजूच्या प्लेटवर एक बारीक लाल रेघ दिसायला लागली, वीतभर लांब, एखाद्याने पेन्सिलीने ओढावी तशी. आधी वाटलं बाहेरून काही चमकतंय, हात पुढे करून आडोसा केला तरी रेघ तिथेच. आतली आग दिसत होती. तड्यात भट्टीचं सिमेंट भरून वर पेंट मारला होता, तीन वेळा तापून गार झाल्यावर सिमेंट सुटलं.

तेव्हापासून मी घेण्याआधी तीन गोष्टी करतो. एक, स्टोव्हच्या आत तेज टॉर्च ठेवून दार बंद करतो आणि खोलीत अंधार करून चारी बाजूंनी बघतो. दारातून थोडा उजेड आला तर चालतो, तो गॅस्केटचा, म्हणजे दाराच्या कडेने बसवलेल्या दोरीचा प्रश्न आहे. प्लेटच्या मधून आला तर विषय संपला. दोन, मडकं वाजवून बघावं तसं प्रत्येक प्लेट छोट्या हातोडीने हलकेच वाजवतो, चांगलं बीड टण्ण वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बोल्टने घट्ट आवळलेल्या प्लेटा थोड्या दबक्याच वाजतात, तेव्हा समोरासमोरच्या दोन प्लेटांचा आवाज ताडून बघा. तीन, नवाकोरा रंग दिसला की किंमत नाही, कारण विचारतो. गंजलेला पण उघडावाघडा स्टोव्ह मला रंगवलेल्यापेक्षा जास्त आवडतो, निदान लपवण्यासारखं काही नसतं.

तडा वेल्ड करून मिळत नाही का?

पोलादी स्टोव्ह असेल तर मिळतो, चांगला वेल्डर आरामात करून देतो. बिडाचं वेगळं आहे. बीड ठिसूळ, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारीच दुसरा तडा जातो, म्हणून पूर्ण प्लेट आधी तापवावी लागते, निकेलची कांडी वापरावी लागते आणि नंतर हळूहळू गार करावी लागते. करणारे लोक आहेत पण हे काम स्वस्त नाही, आणि स्टोव्हमध्ये ती प्लेट रोज तापून गार होणार, म्हणजे सांध्याची रोज परीक्षा.

कोणी सांगेल की जुनी प्लेट साचा म्हणून वापरून नवीन ओतून घ्या. होतं, पण बीड गार होताना सुमारे एक टक्का आकसतं. साठ सेंटिमीटरची प्लेट ओतून आली की सहा मिलिमीटर तोकडी भरते आणि मग ती खाचेत बसत नाही. ओतकाम करणाऱ्याला आधी सांगावं लागतं, तो साच्यात भर घालून देतो. एखादा पिढीजात, नक्षीदार, अभ्रकाच्या खिडक्यांचा जुना नमुना असेल तर एवढा खटाटोप ठीक. रोजच्या वापराच्या स्टोव्हसाठी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वाकलेल्या भागांचं काय?

सरळ पट्टी घ्या, वरच्या प्लेटवर आडवी उभी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. थोडा फुगवटा बऱ्याच जुन्या स्टोव्हना असतो. पण दाराची चौकट वाकली असेल तर दार कधीच नीट बसणार नाही, कितीही दोरी बदला. आतला धातू पांढुरका करडा झालेला, आतल्या पट्ट्या लोंबलेल्या, हे सगळं कुणीतरी स्टोव्ह लाल होईपर्यंत पेटवत असल्याची खूण. असा स्टोव्ह मी घेत नाही, कारण जे दिसतंय त्याच्या मागे न दिसणारं पण असतं.

आतली धुराच्या वाटेतली आडवी प्लेट, म्हणजे बॅफल, ती मात्र झिजणारीच वस्तू आहे. ती वाकली म्हणून स्टोव्ह टाकायचा नाही, फक्त ती मिळते का ते आधी बघायचं.

कोणते पार्ट बदलायचेच असतात?

दाराची गॅस्केट दोरी, आतल्या भट्टीच्या विटा, कधी कधी काच आणि बॅफल. हे चार बदलणं म्हणजे दुरुस्ती नाहीच, मोटारसायकलचं ऑइल बदलण्यासारखं आहे, त्याला घाबरून नवा घेणारे लोक मी पाहिलेत.

दोरीची परीक्षा सोपी, कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथे दोरी दबलीये. दार भोवती सात-आठ ठिकाणी करून बघा. नवीन घेताना जुन्या दोरीची जाडी मोजू नका, ती दबून चपटी झालेली असते, खाचेची रुंदी मोजा. चिकटवताना ताणू नका, ताणली की बारीक होते, आणि दोन टोकं जिथे भेटतात तो सांधा वरच्या बाजूला ठेवू नका, बिजागरीकडे ठेवा.

विटेला चीर पडली तरी ती जागेवर घट्ट असेल तर चालते, तुकडा पडून मागचा धातू उघडा पडला की बदला. काच मात्र साधी कापून आणू नका, टफन्ड पण नको, स्टोव्हची काच सिरॅमिकची असते, सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापली तरी टिकते आणि गार पाण्याचा थेंब पडला तरी तडकत नाही. दुकानदाराने "हीट वाली आहे" म्हटलं तर तेवढ्यावर जाऊ नका.

जुन्या दोरीत ॲस्बेस्टॉस असतो हे खरंय का?

खरंय. १९८० च्या आधीच्या स्टोव्हमध्ये दारातली दोरी, मागचा पांढरा करडा बोर्ड, सांध्यातलं सिमेंट, कशातही असू शकतो. बघून ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. त्यामुळे जुनाट दोरी वायर ब्रशने खरवडायची नाही, ड्रिलला ब्रश लावून तर अजिबातच नाही. शंका असेल तर तुकडा तपासायला द्या, निघाला तर काढायचं काम त्यातल्या लोकांना द्या. जुन्या रंगात शिसं असण्याचीही शक्यता असते, म्हणून घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा लावा आणि घरात घासू नका.

मागच्या पाटीचं एवढं काय आहे?

स्टोव्हच्या मागे किंवा खाली धातूची पाटी असते, त्यावर कुठल्या टेस्टिंग लॅबने तपासला, भिंतीपासून किती अंतर ठेवायचं, धूर किती, हे सगळं असतं. ही पाटी म्हणजे स्टोव्हचं आधार कार्ड समजा. ती नसेल तर तो तपासलेला नाही असंच धरतात.

याचा परिणाम थेट खोलीवर होतो. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या नियमावलीत न तपासलेल्या स्टोव्हला पेट घेऊ शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर अंतर सांगितलंय, आणि एकपदरी धुराच्या पाइपला १८ इंच. तपासलेले नवे स्टोव्ह त्याच्या कितीतरी जवळ बसतात, कंपनीने स्वतः चाचणी करून आकडा दिलेला असतो. भिंतीवर मधे हवा खेळेल असं पत्र्याचं कवच लावून अंतर कमी करता येतं, पण त्याचेही नियम आहेत. एका मित्राने पाटी नसलेला स्टोव्ह फुकट मिळाला म्हणून आणला, अंतरं मोजली तर स्टोव्ह खोलीच्या जवळपास मधोमध येत होता आणि सोफा बाहेर. शेवटी सोफा राहिला.

विमा असेल तर कंपनीला आधी विचारा, बऱ्याच जणी पाटीचा फोटो मागतात.

जुना स्टोव्ह जास्त लाकूड खातो म्हणतात, किती?

बराच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, १९८८ मध्ये स्टोव्हच्या धुरावर पहिल्यांदा मर्यादा आणली. त्याआधीचे स्टोव्ह तासाला साधारण १५ ते ३० ग्रॅम बारीक धूर सोडायचे. १९९० पासून ही मर्यादा कॅटॅलिटिक (आत धूर जाळणारा खास ठोकळा असलेले, त्यांच्याबद्दल खाली आहे) नसलेल्या स्टोव्हला ७.५ ग्रॅम झाली, २०१५ मध्ये ४.५, आणि मे २०२० पासून नव्या विकल्या जाणाऱ्या स्टोव्हला २ ग्रॅम, किंवा फोडलेल्या जळाऊ लाकडावर चाचणी केली असेल तर २.५. युरोपात धुरावर मर्यादा घालणारे इकोडिझाइनचे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

आता हा फक्त हवेचा प्रश्न आहे असं समजू नका. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊर्जा तापल्यावर सुटणाऱ्या वायूंमध्ये असते, जुन्या डब्यात ते वायू तसेच वर निघून जातात. नव्यात वरच्या बाजूला भोकांच्या नळ्या असतात, त्यातून तापलेली हवा येते आणि तो वायू सहाशे अंशाच्या आसपास पुन्हा पेट घेतो. काचेतून बघितलं तर ज्वाळा लाकडातून नाही तर वरच्या भोकांतून येतायत असं दिसतं, गॅसच्या बर्नरसारख्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास खुर्ची ओढून नुसता बघत बसलो होतो. ईपीएच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्याच उबेसाठी नव्या स्टोव्हला एक तृतीयांश लाकूड कमी लागतं. लाकूड विकत घेत असाल तर हा हिशोब काही हिवाळ्यांत स्टोव्हच्या किमतीपर्यंत पोचतो. स्वतःच्या जागेतलं फुकट लाकूड असेल तर पोचत नाही, पण तोडणं फोडणं रचणं तुमच्याच पाठीवर आहे हे विसरू नका.

पण जुने स्टोव्ह दणकट असायचे ना, आता तसे कुठे बनतात?

दणकट होते हे खरं. बॉब फिशर नावाच्या गृहस्थाने १९७३ मध्ये ओरेगॉनमध्ये जाड पोलादी प्लेटांचे स्टोव्ह बनवायला घेतले, अस्वलांच्या गोष्टीवरून पापा बेअर, मामा बेअर, बेबी बेअर अशी नावं, ते आजही लोकांकडे सापडतात आणि त्यातले बरेच नुसते झटकून पेटवता येतील असे असतात. पण दणकट असणं वेगळं आणि चांगलं जळणं वेगळं. बैलगाडी पण दणकट असते.

वर्कशॉपमध्ये, कधीतरी पेटवायला, धुराडं चांगलं आणि कायदा आड येत नसेल तर असा जाड जुना स्टोव्ह मी आनंदाने घेईन. घरात रोज रात्रभर चालवायला नाही घेणार.

कायदा मधे कुठे आला?

काही ठिकाणी पाटी नसलेला जुना स्टोव्ह विकणं किंवा बसवणंच बेकायदा आहे. ओरेगॉनमध्ये २०१० पासून घर विकताना असा स्टोव्ह काढून टाकावा लागतो. तुमच्या भागात काय आहे ते पैसे देण्याआधी विचारा. विकणारा "कोण बघतंय" म्हणाला तर समजून जा.

धुराडं आधीच आहे, म्हणजे तो खर्च वाचला ना?

इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. स्टोव्ह हे अर्धंच यंत्र आहे, ओढ लावणारा अर्धा भाग धुराडं आहे. जुन्या स्टोव्हची कॉलर बऱ्याचदा आठ इंची असते, नवे बहुतेक सहा इंची. सहा इंची स्टोव्ह विटांच्या भल्यामोठ्या धुराड्यात नुसता सोडला तर धूर वर जाता जाता गार होतो, ओढ मरते, आणि १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्यातलं क्रिओसोट आतल्या भिंतीवर डांबरासारखं जमतं. ते कधीतरी पेटतं. धुराड्याच्या आगीत तापमान हजार-अकराशे अंशापर्यंत जाऊ शकतं, आणि आवाज म्हणाल तर छपरावरून रेल्वे गेल्यासारखा, असं ज्यांनी ऐकलंय ते सांगतात. मला ऐकायचा नाही.

म्हणून विटांच्या धुराड्यात स्टेनलेसचा लायनर, म्हणजे आतून सोडायचा पाइप, टाकावा लागतो, शक्यतो भोवती इन्सुलेशन असलेला. धुराडंच नसेल तर दुपदरी इन्सुलेटेड पाइप, छतातून, वर टोपी, आणि हे सगळं मिळून स्टोव्हपेक्षा महाग पडू शकतं. उंचीचा साधा नियम, छपरातून जिथे बाहेर येतं तिथून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर.

मुद्दा हा की हा खर्च जुना घ्या की नवा, दोन्हीकडे आहे. म्हणून हिशोब उलटा करायचा. आधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलवून आत कॅमेरा सोडायला सांगा, काय लागेल त्याचा आकडा घ्या, आणि मग स्टोव्ह बघायला निघा. धुराड्यावर एवढा खर्च होणारच असेल तर त्याच्या खाली तडा गेलेला डबा ठेवण्यात काय अर्थ, असं तुम्हालाच वाटायला लागतं.

खोलीतला पाइप जुनाच वापरला तर?

बोटाने दाबून बघा, दबला तर फेका. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर नकोच, जस्त तापलं की त्याचा धूर विषारी. जोडताना वरच्या पाइपचं बारीक टोक खालच्या पाइपच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे टोक स्टोव्हकडे, कारण वरून ओघळणारं काळं पाणी आतल्या आत स्टोव्हमध्ये परत पडतं. बरेच जण उलटं लावतात, त्यांना वाटतं धूर सांध्यातून बाहेर येईल, पण ओढ असेल तर धूर सांध्यातून येतच नाही, ओघळ मात्र येतो आणि कार्पेटवर पडतो.

कॅटॅलिटिक स्टोव्ह सेकंडहँड मिळतोय, घ्यावा का?

आतला मधमाशीच्या पोळ्यासारखा ठोकळा, त्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा थर असतो, २६० अंशाच्या आसपास तो कामाला लागतो आणि धूर कमी तापमानातच जाळून टाकतो. फार छान चालतात, मंद आणि लांब जळतात. पण हा ठोकळा झिजतो, त्याचं आयुष्य हजारो तासांत मोजतात आणि सेकंडहँडमध्ये किती उरलंय ते मागचा मालकही सांगू शकत नाही. रंगीत कागद, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड जाळलं असेल तर लवकर मेलेला असतो. नव्या ठोकळ्याची किंमत काढा, स्टोव्हच्या किमतीत मिळवा, मग ठरवा. ठोकळा मिळतच नसेल त्या मॉडेलचा, तर नका घेऊ.

म्हणजे तुमचं म्हणणं नवाच घ्या?

नाही, माझं म्हणणं तिसरंच आहे आणि ते कुणी विचारत नाही. सगळे एकतर पन्नास वर्षांचा घेतात किंवा शोरूममधला. मधला पर्याय म्हणजे पाटी असलेला, दहा-पंधरा वर्षांचा, अजून चालू असलेल्या कंपनीचा स्टोव्ह. लोक घर बदलतात, हीट पंप लावतात, नाहीतर फक्त काच मोठी हवी म्हणून काढून टाकतात. त्यात वरच्या हवेच्या नळ्या असतात, मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळतं, दोरी-वीट-बॅफल बदललं की झालं. यॉतुल, मॉर्सो, व्हर्माँट कास्टिंग्ज अशा जुन्या नावांच्या अनेक मॉडेलचे पार्ट मिळतात, पण मॉडेल नंबर घेऊन आधी खात्री करा, नावावर जाऊ नका. माझा दुसरा स्टोव्ह असाच आणला, गंजलेला, कोपऱ्यात पडलेला, आत उंदराने घर केलेलं. टॉर्च, हातोडी, पट्टी, सगळं करून घेतला. दोरी, चार विटा आणि दोन डबे पेंट एवढ्यात उभा राहिला.

मी स्वतः असा नियम ठेवलाय की पार्टांची यादी करून किंमत काढायची, स्टोव्हची किंमत आणि ने-आण त्यात घालायची, आणि बेरीज तशाच साइजच्या नव्याच्या निम्म्याला लागली की थांबायचं. ने-आण हसण्यावारी नेऊ नका, शंभर ते अडीचशे किलोचं धूड असतं, दार, विटा, बॅफल आधी काढून घ्या, नाहीतर पाठ जाईल आणि जिना पण.

नवा घेताना मोठा घ्यावा का, असू दे जास्तीचा?

हीच ती चूक. मोठ्या स्टोव्हने छोटी खोली फारच तापते, मग तुम्ही हवा बंद करून धुमसत ठेवता, मग काच काळी, धुराड्यात क्रिओसोट, आणि दोन वर्षांनी "नवा स्टोव्ह पण बेकार निघाला". लहान स्टोव्ह जोरात पेटलेला चांगला. ज्यांना रात्रभर निखारे टिकायला हवेत त्यांनी आगीचा कप्पा दोन घनफुटांच्या पुढचा बघावा, बाकीच्यांनी ब्रोशरमधला उष्णतेचा मोठा आकडा बघून भुलू नये, तो स्टोव्ह पूर्ण जोरात असतानाचा असतो.

आणि लाकूड?

ओलं लाकूड असेल तर जुना-नवा हा वादच फुकट. ओलाव्याचं मीटर घ्या, ओंडका फोडून ताज्या फोडलेल्या बाजूवर टोचा, बाहेरून नाही. २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. नव्या स्टोव्हना तर ओलं अजिबात चालत नाही, ती वरची दुसरी आग लागतच नाही. ओकसारखं जड लाकूड फोडून रचल्यावर वाळायला दोन वर्षं घेऊ शकतं. पैसे कमी असतील आणि मला एकच खर्च निवडायला सांगितला तर मी लाकडावरचं छप्पर निवडेन.

दुरुस्त केल्यावर पहिल्यांदा कसा पेटवायचा?

घराबाहेर, वर दोन-तीन पाइप उभे करून. नवा रंग पहिल्यांदा तापला की घाण धूर सोडतो, घरात केलं तर धुराचा अलार्म, खोकला, शेजाऱ्यांचे फोन, सगळं होतं. पहिली आग मूठभर काड्यांची, दुसरी जरा मोठी, मधे पूर्ण गार होऊ द्या. भट्टीचं सिमेंट लावलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, ओलं सिमेंट एकदम तापलं की फुगून सुटतं. घरात बसवल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, जुना असो नवा असो, यावर माझ्याशी वाद घालू नका.

नवा घेतला तर जुन्याचं काय करू?

पाटी नसलेला असेल तर दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. काही ठिकाणी जुना मोडीत दिल्याचा पुरावा दाखवला की नव्यावर सूट मिळते, म्हणून भंगारवाल्याला बोलवायच्या आधी चौकशी करा, नंतर फक्त पावती शोधत बसाल. देताना विटा, काच, दोरी काढून ठेवा, बीड वितळून परत कामाला येतं.

माझा तडा गेलेला पहिला स्टोव्ह मी भंगारात दिला, दार तेवढं ठेवलं होतं. दुसऱ्याच्या दाराची बिजागरीची पिन झिजलेली निघाली, नवीन मिळेना, त्या जुन्या दाराची काढून थोडी कानस मारली आणि बसली.